सिडनीच्या पहिल्या वसाहतीतला वनस्पतिसंग्रह आणि आतल्या मुलखाचा शोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या ब्रिटिश वसाहतीबद्दल लिहिलं की वाचकांची पत्रं येतात आणि त्यांतले बरेच प्रश्न फिरून फिरून तेच असतात. पुस्तकांत शोधप्रवास एका प्रकरणात असतो आणि वनस्पती दुसऱ्या. प्रत्यक्षात कित्येकदा दोन्ही कामं एकाच माणसाने, एकाच पायपिटीत केली. त्या माणसांचं आणि त्यांना वाट दाखवणाऱ्यांचं नाव वाचकांपर्यंत पोचावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून ही उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नेमकी कुठली वसाहत आणि कुठला काळ?

न्यू साउथ वेल्स. गव्हर्नर आर्थर फिलिप याच्या हाताखाली अकरा जहाजांचा ताफा कैदी, सैनिक आणि अधिकारी घेऊन आला आणि २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनी कोव्ह इथे त्यांनी तळ टाकला. ही गडिगल लोकांची जमीन होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शेतीसाठी रोझ हिल, म्हणजे आजचं पॅरामाटा, वसवलं गेलं. तिथून पश्चिमेला नेपियन नदी आणि नदीपलीकडे ब्लू माउंटन्स. पहिली पंचवीस वर्षं वसाहत या डोंगरांच्या अलीकडेच अडकून होती. या पानावर साधारण १७८८ ते १८३५ हा काळ घेतला आहे.

२. जोसेफ बँक्स १७७० मध्येच झाडं गोळा करून गेला होता ना? मग पुन्हा कशाला?

कॅप्टन जेम्स कुकच्या एंडेव्हर जहाजावरून इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बँक्स आणि त्याचा सहकारी सोलँडर २९ एप्रिल १७७० रोजी बॉटनी बेला उतरले आणि ६ मे रोजी जहाज निघालं. जेमतेम आठवडा मिळाला. तेवढ्यात त्यांनी इतकं गोळा केलं की नमुने कुजण्याची भीती निर्माण झाली. बँक्सने जवळजवळ दोनशे दस्ते टिपकागद किनाऱ्यावर नेला, एका शिडावर उन्हात पसरला आणि दिवसभर उलटापालट करत वाळवला.

पण ही सगळी झाडं किनाऱ्यालगतची आणि एकाच ऋतूतली. जे झाड शरद ऋतूत (तिथे तो एप्रिल-मेच्या सुमारास असतो) फुलत नाही, त्याचं फूल त्यांनी पाहिलंच नाही. डोंगर तर दूरच राहिले. शिवाय दाबून वाळवलेल्या फांदीवरून जात ओळखता येते, लंडनजवळच्या क्यू या शाही वनस्पती बागेत झाड वाढवता येत नाही. त्याला पक्व बी किंवा जिवंत रोप लागतं, आणि त्यासाठी कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे राहायला हवं. बँक्स स्वतः पुन्हा कधी गेला नाही. त्याने माणसं पाठवली.

३. मग संग्रह कोण करत होतं? सगळे शास्त्रज्ञच होते का?

नव्हते. सुरुवातीला तर बहुतेक हौशीच होते. मुख्य शल्यवैद्य जॉन व्हाइट रुग्णांना औषध शोधता शोधता झाडांकडे वळला आणि त्याचे नमुने लंडनला वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स एडवर्ड स्मिथकडे गेले. लष्करी अधिकारी विल्यम पॅटरसन आधी दक्षिण आफ्रिकेत झाडं गोळा करून आलेला होता. १७९१ मध्ये डेव्हिड बर्टन हा माळी बँक्ससाठी बी गोळा करायला आला, पण पुढच्याच एप्रिलमध्ये स्वतःच्याच बंदुकीच्या अपघाती गोळीने गेला.

पूर्णवेळ पगारी संग्राहक म्हणून खरं काम केलं ते जॉर्ज केलीने (प्रश्न ७). त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचं सर्वेक्षण करणाऱ्या फ्लिंडर्सच्या इन्व्हेस्टिगेटर जहाजावरून वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन, चित्रकार फर्डिनंड बावर आणि माळी पीटर गुड आले. गुड जून १८०३ मध्ये सिडनीतच आमांशाने वारला. १८१६ च्या डिसेंबरात ॲलन कनिंगहॅम आला. हुद्द्याने तो ‘राजाचा वनस्पतिशास्त्रज्ञ’ होता आणि क्यू बागेसाठी काम करत होता.

४. जंगलात झाड ‘गोळा करणं’ म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

पान, फूल आणि मिळालं तर फळ अशी तिन्ही असलेली फांदी कापायची. टिपकागदांच्या थरांत नीट पसरून वरून वजन द्यायचं. कागद पानांतलं पाणी शोषतो, म्हणून तो रोज बदलायचा आणि ओला कागद पुन्हा वाळवायचा. पाऊस असेल तर शेकोटीवर. एक दिवस आळस केला तर पानं काळी पडतात, बुरशी धरते. सोबत चिठ्ठी हवी: ठिकाण, तारीख, जमीन कशी होती, फुलाचा रंग कोणता. रंग वाळल्यावर उडतो आणि उंची फांदीवरून कळत नाही, म्हणून हे तिथल्या तिथे लिहावं लागतं.

या मुलखात दोन अडचणी जास्तीच्या होत्या. बँक्सिया या तिथल्या झाडाची कणसं लाकडासारखी टणक असतात, ती कागदात दाबलीच जात नाहीत. आणि निलगिरीची फुलं उंच शेंड्यावर येतात. फांदी हवी तर झाड तोडायचं, नाहीतर चढायचं. केलीने बँक्सला कळवलं होतं की स्थानिक माणूस कायमचा सोबत ठेवावा म्हणतो, कारण ते रानात माग काढण्यात आणि झाडावर चढण्यात पटाईत आहेत. या कामाचं जे चित्र मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. खाली कागद घेऊन उभा असलेला इंग्रज आणि वर शेंड्यावर, बुंध्यात पायापुरत्या खाचा करून चढलेला दारुग (तिथल्या मूळनिवासींपैकी एका समाजाचा) तरुण. नमुन्याच्या चिठ्ठीवर नाव मात्र खालच्याचं.

५. जिवंत रोपं इंग्लंडपर्यंत पोचायची तरी कशी?

फार थोडी पोचायची. प्रवास कित्येक महिन्यांचा. खारे तुषार पानं जाळायचे, गोड्या पाण्याचा तुटवडा पडला की आधी रोपांचं पाणी तुटायचं. काही जहाजांच्या डेकवर बँक्सने रोपांसाठी खास खोपटं बांधून घेतली होती, पण वादळापुढे त्यांचं काही चालत नसे. इन्व्हेस्टिगेटरच्या मोहिमेतली रोपं पॉर्पस जहाजावर चढवली होती. ऑगस्ट १८०३ मध्ये ते जहाज प्रवाळाच्या खडकावर फुटलं आणि रोपं गेली. गुडची मेहनतही त्यांच्याबरोबर पाण्यात गेली. तो त्याआधीच वारला होता.

बियांचं जरा बरं चालायचं, मात्र पक्व बी मिळवण्यासाठी त्याच झाडाकडे दोनदा जावं लागे. एकदा फुलाच्या वेळी ओळख पटवायला, एकदा फळ तडकायच्या बेतात असताना. पहिल्या खेपेला झाड कुठे आहे याची खूण नीट केली नसेल तर दुसरी खेप फुकट. रोपांचा प्रश्न सुटला तो लंडनच्या डॉ. नॅथॅनियल वॉर्डच्या बंद काचपेट्यांनी. १८३३ मध्ये त्याने अशा दोन पेट्या सिडनीला पाठवल्या आणि परतीच्या प्रवासात त्यांतून ऑस्ट्रेलियन रोपं जिवंत लंडनला पोचली.

६. ब्लू माउंटन्स तर फार उंच नाहीत. मग पंचवीस वर्षं का लागली?

उंची साधारण हजार मीटर, हे खरं. अडचण उंचीची नव्हती, रचनेची होती. हे वालुकाश्माचं पठार आहे आणि नद्यांनी ते खोल चिरलं आहे. युरोपात डोंगर ओलांडायचा तर नदीच्या खोऱ्याने वर जायचं, ही सवय. इथे खोरं धरून गेलं की ते अरुंद होत जातं आणि शेवटी सरळसोट कड्यापाशी संपतं. पॅटरसन १७९३ मध्ये असाच नदीने वर गेला आणि परत आला. १८०२ मध्ये फ्रान्सिस बॅरलिए हाही आतपर्यंत जाऊन अडला. त्याच प्रवासात त्याने स्थानिकांना भाले आणि कुऱ्हाड देऊन एका कोआलाचे पाय मिळवले आणि ब्रँडीच्या बाटलीत घालून गव्हर्नरकडे पाठवले. त्या भागात वाट होती ती डोंगराच्या धारेवरून, खोऱ्यातून नाही.

आणखी एक कारण कमी सांगितलं जातं. वाट सापडावी अशी सरकारला फारशी घाई नव्हती. डोंगर म्हणजे आयती तुरुंगाची भिंत. डोंगरापलीकडे गोऱ्यांची दुसरी वसाहत आहे, किंवा चालत चीनला पोचता येतं, अशा अफवा कैद्यांत होत्या आणि कित्येक जण त्यापायी पळून रानात मेले. गव्हर्नर हंटरने १७९८ मध्ये जॉन विल्सनबरोबर एक तुकडी नैऋत्येला पाठवली ती मुख्यतः ही समजूत खोटी ठरवण्यासाठी.

७. जॉर्ज केली कोण? त्याचं नाव तुम्ही सारखं का घेता?

कारण त्याच्या वाट्याला आलेल्या नावापेक्षा त्याचं योगदान पुष्कळ जास्त आहे. जन्म १७७०, यॉर्कशरमधला, बाप घोड्यांचा व्यापारी. घोड्यांच्या औषधांतल्या वनस्पती ओळखता ओळखता तो या विषयात शिरला. बँक्सला पत्र लिहून त्याने काम मागितलं, बागांत राबला आणि एप्रिल १८०० मध्ये सिडनीला उतरला. बँक्स त्याला आठवड्याला १५ शिलिंग देई. मुक्काम पॅरामाटाला.

नोव्हेंबर १८०४ मध्ये तो काही तगडे गडी घेऊन ब्लू माउंटन्समध्ये घुसला. खोऱ्याने न जाता तो एकेक घळ आडवी ओलांडत गेला, म्हणजे रोज उतरायचं आणि रोज चढायचं. एका घळीला त्याने ‘उदास दरी’ अशा अर्थाचं नाव दिलं, एका भागाला ‘सैतानाचं रान’. तो प्रवास कसा होता हे बँक्सला समजावताना त्याने लिहिलं की शहरातल्या घरांच्या छपरांवरून चालत जाण्यासारखं हे आहे. वाटेत एका माथ्यावर वृक्षनेचे दाटलेले दिसले, म्हणून त्याला त्याने नेच्याच्या झाडांची टेकडी म्हटलं. हाच आजचा माउंट टोमा. इथे वालुकाश्मावर बेसाल्टची टोपी आहे, माती सुपीक आहे, म्हणून झाडोरा एकदम बदलतो. भूगर्भशास्त्र न शिकलेल्या माणसाच्या नजरेने तो बदल अचूक टिपला. आज त्याच डोंगरावर वनस्पती उद्यान आहे.

पुढे ज्या शिखरावर तो चढला त्याला त्याने माउंट बँक्स नाव दिलं. वरून समोर ग्रोझ नदीची प्रचंड दरी दिसली. शिधा संपत आला होता, माणसं थकली होती. तो वळला. पलीकडे पोचला नाही म्हणून शालेय पुस्तकांत त्याला जागा नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या वाटेजवळूनच आज डोंगर ओलांडणारा दुसरा मोठा रस्ता जातो.

नाव मागे पडण्याचं आणखी एक कारण: त्याने स्वतः जवळजवळ काही प्रसिद्ध केलं नाही. नमुने बँक्सकडे गेले आणि नव्या जातींची वर्णनं रॉबर्ट ब्राउनने १८१० च्या आपल्या ग्रंथात आणि इतरांनी नंतर छापली. स्वभावही तापट, गव्हर्नरांशी खटके उडत. ब्राउनने मात्र उडत्या बदकासारखं फूल असलेल्या ऑर्किडच्या प्रजातीला ‘कॅलियाना’ हे नाव देऊन त्याची आठवण ठेवली. केली १८१० मध्ये परतला, पुढे वेस्ट इंडीजमधल्या सेंट व्हिन्सेंटच्या बागेचा प्रमुख झाला आणि १८२९ मध्ये वारला.

८. मग ब्लू माउंटन्स ‘पहिल्यांदा’ कोणी ओलांडले?

तिथल्या लोकांनी. दारुग, गुंडुंगुरा आणि पलीकडचे विराजुरी यांची ये-जा हजारो वर्षांची.

वसाहतवाल्यांपुरतं बोलायचं तर ब्लॅक्सलंड, लॉसन आणि वेंटवर्थ ११ मे १८१३ रोजी निघाले, सोबत चार नोकर, चार घोडे, पाच कुत्रे. धार सोडायची नाही हा त्यांचा नियम आणि तोच कामी आला. महिनाअखेर ते माउंट ब्लॅक्सलंडपाशी पोचले, पुढची कुरणं पाहिली आणि परतले. पण मुख्य जलविभाजक तिथून अजून पुढे आहे. तो ओलांडून बाथर्स्टच्या मैदानात उतरला जॉर्ज इव्हान्स, त्याच वर्षअखेरीस. विल्यम कॉक्सने सुमारे तीस कैद्यांच्या हातून १०१ मैलांचा, म्हणजे अंदाजे १६३ किलोमीटरचा रस्ता जुलै १८१४ ते जानेवारी १८१५ मध्ये पुरा केला. त्या रस्त्याने मेंढ्या गेल्या, आणि विराजुरींची जमीनही गेली.

९. स्थानिक लोकांनी मदत केली असं सगळेच लिहितात. नेमकी कोणती?

‘स्थानिकांना सगळं रान माहीत होतं’ असं सरसकट म्हणणंही चूकच. एप्रिल १७९१ मध्ये गव्हर्नर फिलिप आणि टेंच व डॉज हे लष्करी अधिकारी रोझ हिलहून नदी शोधायला निघाले. हॉक्सबरी आणि नेपियन एकच का, हे त्यांना पाहायचं होतं. सोबत कोलबी आणि बोलादेरी हे दोघे मूळनिवासी होते. पण ते किनाऱ्याकडचे. आतल्या मुलखात तेही परकेच. टेंचने लिहून ठेवलं आहे की दोघांना या भटकंतीचा कंटाळा आला आणि रोझ हिल कुठे, म्हणून ते सारखं विचारू लागले. गोरे अडखळून पडले की त्यांना हसूही येई. त्यांचा खरा उपयोग झाला तो नदीकाठी वेगळ्या गटाचे लोक भेटले तेव्हा. ओळख, बोलणं, विश्वास हे सगळं त्या दोघांमुळे झालं. बॅरलिएबरोबरच्या (प्रश्न ६) गोगी या मूळनिवासी वाटाड्याचंही तसंच. वाटेइतकीच गरज होती ती मध्यस्थाची.

मोवॉटिन याची कहाणी मात्र वेगळी आणि जिवाला लागणारी आहे. हा दारुग तरुण केलीबरोबर वर्षानुवर्षं हिंडला. कॅटरॅक्ट नदीवरचा मोठा धबधबा केलीला कळला तो त्याच्यामुळे आणि केलीने धबधब्याला त्याचं नाव दिलं. १८०५ मध्ये तो केलीबरोबर नॉरफोक बेट आणि टास्मानियाला गेला, १८१० मध्ये इंग्लंडलाही गेला, तिथून परतला. १८१६ मध्ये बलात्काराच्या आरोपावरून त्याला फाशी झाली. न्यू साउथ वेल्समध्ये कायदेशीर फाशी झालेला तो पहिला मूळनिवासी. धबधब्याचं नावही टिकलं नाही.

आणि हे विसरू नये की १७८९ च्या देवीच्या साथीने सिडनी परिसरातले किती तरी लोक मेले होते. झाडांची नावं, उपयोग, वाटा सांगणारी माणसंच गेली. केलीने निलगिरीच्या जातींची स्थानिक नावं विचारून लिहून ठेवली, याचं मोल म्हणूनच मोठं आहे.

१०. या झाडांचा वसाहतीला प्रत्यक्ष उपयोग झाला का?

झाला. पहिल्या वर्षांत स्कर्व्ही आणि उपासमार होती. ‘गोड चहा’ म्हणून एका स्मायलॅक्स वेलीची पानं उकळून सगळेच पीत, कैदी आणि अधिकारी दोघेही. व्हाइटने एका निलगिरीच्या पानांचं तेल काढलं, पोटदुखीवर वापरलं, आणि त्याचा नमुना इंग्लंडला गेला. इमारती लाकडाबाबत मात्र निराशा झाली. बरंच लाकूड फाटायचं, करवतीची धार जायची.

११. बायका यात कुठेच नव्हत्या का?

होत्या. पण उत्तम उदाहरण खंडाच्या दुसऱ्या टोकाचं, स्वान नदीच्या वसाहतीतलं आहे. जॉर्जियाना मॉलॉय १८३० मध्ये ऑगस्टा इथे आली. १८३६ मध्ये लंडनच्या कॅप्टन मँगल्सने तिला बागेच्या बिया पाठवल्या आणि बदल्यात तिथल्या बिया मागितल्या. पुढच्याच वर्षी तिचा लहान मुलगा विहिरीत बुडून गेला. त्या दुःखातून सावरताना ती या कामात पूर्ण शिरली. नूंगार लोकांच्या मदतीने तिने स्वच्छ निवडलेल्या, अचूक क्रमांक घातलेल्या बिया पाठवल्या. पगार नाही, हुद्दा नाही. १८४३ मध्ये ती वारली.

१२. कनिंगहॅम एक की दोन? फार गोंधळ होतो.

दोन, सख्खे भाऊ. ॲलन थोरला. १८१७ मध्ये सर्वेक्षक ऑक्स्लीबरोबर लॅक्लन नदीच्या मोहिमेवर गेला. तिथे माउंट ब्रॉग्डनपाशी त्याने ओकची फळं, पीच आणि जर्दाळूच्या बाठा लावल्या, त्या दिवसाची आणि जागेची आठवण राहावी म्हणून. १८२७ मध्ये त्याने डार्लिंग डाउन्सची कुरणं शोधली. तेव्हा तो केवळ वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता, मोहिमेचा प्रमुखही होता.

रिचर्ड धाकटा, सिडनीच्या उद्यानाचा प्रमुख. १८३५ मध्ये सर्वेक्षक मिचेलच्या मोहिमेत झाडं शोधता शोधता तुकडीपासून दूर गेला, वाट चुकला आणि बोगन नदीच्या भागात मारला गेला. संग्राहकाला सतत बाजूला, मागे, खाली पाहत चालावं लागतं. रानात तीच सवय जिवावर बेतू शकते. त्याच्या जागी १८३७ मध्ये ॲलन आला, पण अधिकाऱ्यांसाठी भाजीपाला पिकवण्याचं काम गळ्यात पडल्यावर त्याच वर्षी त्याने राजीनामा दिला.

१३. आपल्याकडच्या झाडांशी याचा काही संबंध आहे का?

आहे आणि तो रोज डोळ्यांसमोर असतो. कोकणात सडे आणि रस्त्याकडेला ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ म्हणून लावलेलं झाड म्हणजे अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस. पाचगणीतले सिल्व्हर ओक म्हणजे ग्रेव्हिलिया रोबस्टा. दोन्हींच्या शास्त्रीय नावाच्या शेवटी ॲलन कनिंगहॅमचं संक्षिप्त नाव असतं. त्याच्या टिपणांवरून पहिल्याचं वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ बेंथमने छापलं, दुसऱ्याचं ब्राउनने. कनिंगहॅमने ती भारतात पाठवली असा अर्थ मात्र यातून काढू नका. ती लागवड पुष्कळ नंतरची.

१४. ते नमुने आज पाहायला मिळतात का?

मोठा भाग लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आणि क्यूमध्ये आहे. बँक्स-सोलँडरच्या काही जोडनमुन्यांची रवानगी पुढे सिडनीला झाली. अनेक नमुन्यांची छायाचित्रं ऑनलाइन मोफत आहेत. बघताना फुलापेक्षा चिठ्ठी आधी वाचा. ठिकाण, तारीख आणि अक्षर यांवरून (प्रश्न ४) आख्खा प्रवास उभा करता येतो.

१५. तिथे फिरायला गेलो तर दोन-चार पानं, बिया आणता येतील?

नाही. राष्ट्रीय उद्यानांत परवान्याशिवाय काहीही तोडायला बंदी आहे आणि बिया देशाबाहेर नेणं-आणणं यावर कडक नियम आहेत. माउंट टोमाच्या उद्यानात जा, तिथे सगळं फलक लावून दाखवलं आहे.

१६. इतकं सगळं हिंडल्यावर शोधायचं काही उरलं होतं का?

१९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा कर्मचारी डेव्हिड नोबल सिडनीपासून दोनशे किलोमीटरच्या आत, वोलेमी भागातल्या एका खोल घळीत उतरला आणि त्याला अनोळखी मोठी झाडं दिसली. तो वोलेमी पाइन निघाला. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक तोवर जीवाश्मांतूनच माहीत होते. रानातली मोजकीच झाडं शिल्लक आहेत आणि बुटांच्या चिखलातून मुळं कुजवणारा रोग पोचू नये म्हणून त्यांचं ठिकाण आजही गुप्त ठेवलं जातं. २०१९-२० च्या वणव्यात अग्निशमन दलाने खास मोहीम काढून ती वाचवली.